दहिफळे नानांचा घरजावई

प्रथम तारखा देतो. त्या पंचांगाच्या आहेत, कारण कारखान्याच्या दिनदर्शिकेवर बाराही महिने महाव्यवस्थापकांचे छायाचित्र असते आणि ती दिनदर्शिका मी घरात टांगत नाही.

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार, दुपार: भुकटी विभागाच्या कंट्रोलरमधून मेमरी कार्ड काढून नेण्यात आले. जबाबदार: महाव्यवस्थापक.

तोच रविवार, सायंकाळ: ते कार्ड कॅमेऱ्यात घालून पुसण्यात आले. जबाबदार: छायाचित्रकार. मात्र त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते, म्हणून त्याची जबाबदारी मी निम्मी धरतो आणि उरलेली निम्मी वरील कलमात वर्ग करतो.

लगतचा सोमवार, सकाळ: भुकटी विभाग सुरू झाला नाही. फाटकापासून रस्त्यापर्यंत दुधाचे टँकर उभे. जबाबदार: पहिल्या कलमाप्रमाणे.

त्याच आठवड्यातील शुक्रवार: सूचनाफलकावर एक सूचना लागली. तिच्यात ‘निकृष्ट’ असा शब्द आहे. जबाबदार: स्वाक्षरी करणारे, म्हणजे पुन्हा तेच.

रथसप्तमीच्या आगेमागे, महिनाअखेर: श्री. त्रिंबक दहिफळे सेवानिवृत्त झाले. शब्द जागेवर होता. जबाबदार: तो फलक येता-जाता वाचणारे आम्ही सर्व.

आज: शब्द जागेवर आहे.

महाव्यवस्थापकांचे नाव मी लिहीत नाही. नाव माणसाचे असते, जबाबदारी पदाची असते, आणि माझा वाद पदाशी आहे. दहिफळ्यांचे नाव मात्र पूर्ण लिहिले, कारण त्यांना पद कधी पुरलेच नाही.

नगरच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या दूध-भुकटी कारखान्यात ते नियंत्रण विभागाचे मुख्य अभियंता होते आणि मी प्रशासन अधिकारी. पाथर्डीकडचे गृहस्थ. उंची बेताची, आवाज टँकरच्या भोंग्याएवढा, मिशांना काळाभोर कलप आणि खिशात कंगवा. पाहुणा आला की स्वतःची ओळख ते स्वतःच करून देत: “मी दहिफळे. दुधाच्या कारखान्यात माझं आडनाव म्हंजे मालाला धोकाच हाय, पन अजून कुठं इरजण लागलं न्हाई.” आणि पाहुण्याच्या आधी स्वतःच हसत. नम्रता हा गुण त्यांनी जवळपास फिरकू दिला नव्हता. आपण नगर जिल्ह्यातले सर्वोत्तम नियंत्रण अभियंता आहोत, हे ते जिल्ह्याची लोकसंख्या सांगावी तितक्या सहज सांगत.

त्यांना सगळे नाना म्हणत. ते मला ‘वकीलसाहेब’ म्हणत. मी विधी पदवीधर आहे. सनद घेतलेली नाही. ही दुरुस्ती मी प्रत्येक वेळी सुचवली आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले, “बरं, वकीलसाहेब.”

ज्यांचा कारखान्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. पत्र्याच्या कपाटात बसवलेली वहीएवढी एक पेटी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, दूध किती तापवायचे, भुकटी केव्हा खाली सोडायची, हे सर्व ती पेटी ठरवते. आणि तिने काय ठरवायचे, ते तिच्यात खोचलेल्या टपाल तिकिटाएवढ्या एका मेमरी कार्डावर लिहिलेले असते. कार्ड गेले की पेटीला काही आठवत नाही. पेटीला आठवत नाही म्हणजे कारखान्याला आठवत नाही.

भुकटी विभागातल्या कंट्रोलरला नाना ‘ताई’ म्हणत. सकाळी आले की पॅनलचे दार उघडून आधी विचारीत, “ताई, बरी हाईस ना?” हिरवा दिवा लुकलुकला की समाधानाने दार लावत. आणि विभाग सुरू होऊन पहिली भुकटी खाली आली की हातात काही नसताना लेझीम खेळत. एक पाऊल पुढे, एक मागे, कमरेत लवून डावीकडे, कमरेत लवून उजवीकडे, तोंडाने छनक-छनक. शाळेच्या लेझीम पथकात ते पुढच्या रांगेत होते, आणि माझ्या मते तिथून ते कधी मागे आलेच नाहीत. नियंत्रण कक्षात नृत्य करण्यास मनाई करणारा नियम मी शोधला. सापडला नाही. याचे मला आज समाधान वाटते.

आता घरजावयाचे प्रकरण.

ताईचे मूळचे कार्ड एका उन्हाळ्यात खराब होऊ लागले; अडखळत चाले, पण भरवसा उरला नव्हता. कंपनीकडून नवीन येण्यास वेळ लागणार होता. नानांना धीर हा प्रकार परका होता. ते स्कूटर काढून कापड बाजारात गेले आणि मोबाईलच्या दुकानातून एक कार्ड घेऊन आले. झगमगीत वेष्टण, त्यावर सोनेरी अक्षरे आणि साठवणक्षमता इतकी की कारखान्याचा सगळा इतिहास चित्रांसह मावावा. “बघा वकीलसाहेब, जुन्याच्या कितीतरी पट मोठं, अन् पैशाला पासरी!” असे म्हणत त्यांनी ते सर्वांदेखत ताईत खोचले.

ताईचा लाल दिवा पेटला. काढून पुन्हा खोचले, पुन्हा लाल. पुसून खोचले, फुंकर मारून खोचले, कपाळाला लावून खोचले. ताईने तोंड उघडले नाही. कंट्रोलर आपल्या घराण्याचेच कार्ड ओळखतो, बाजारातले कितीही थोर असले तरी ओळखत नाही, ही गोष्ट जिल्ह्यातल्या सर्वोत्तम नियंत्रण अभियंत्याच्या उत्साहात राहून गेली होती.

तेव्हा दारात भांडार अधिकारी शकीला शेख उभ्या होत्या. मोजके बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरच्याचे बिल मंजूर किंवा नामंजूर होऊन जाई.

“नाना,” त्या म्हणाल्या, “घरजावई आणायचा तर माणसं चार ठिकाणी चौकशी करतात. घराणं बघतात, वळण बघतात. तुम्ही तर बाजारातून शेरवानी बघून उचलून आणला.”

दुसरा कोणी खजील झाला असता. नाना टेबलावर थाप मारून हसत सुटले. “व्हय की! पोट बघितलं अन् पचन बघितलंच न्हाई!” आणि त्या क्षणापासून मेमरी कार्ड हे घरजावई झाले. पोट मोठे असून चालत नाही, पचन लागते, हे वाक्य त्यांनी पुढे कार्डांना, अधिकाऱ्यांना आणि एका आमदारांनाही लावले. आपल्या फजितीची ही कथा ते स्वतःच प्रत्येकाला सांगत. दर वेळी वेष्टणावरची अक्षरे अधिक सोनेरी होत.

यानंतर त्यांनी जाहीर केले की ताईसाठी कार्ड आता रीतसर ‘बघण्याचा कार्यक्रम’ करूनच घेतले जाईल. मी हरकत घेतली. खरेदी नियमांनुसार किमान तीन पुरवठादारांचे देकार मागवणे बंधनकारक आहे, हे मी निदर्शनास आणले.

“मग आमी काय म्हनतो?” नाना म्हणाले. “तीन स्थळं बघू की!”

नियम आणि रिवाज यांचा इतका बिनतोड मेळ माझ्या संपूर्ण सेवाकाळात मी पाहिलेला नाही. मी मान्यता दिली. परिणामी मला ‘मुलीकडचे वडीलधारे’ म्हणून खुर्चीत बसवण्यात आले.

तिसरे स्थळ घेऊन पुण्याहून श्री. लिमये नावाचे विक्री प्रतिनिधी आले. तरुण, टापटीप, नाकासमोर चालणारे. त्यांना वाटले होते की ही बैठक आहे. खोलीत शिरले तर टेबलावर पोहे, वर खोबरे-कोथिंबीर, मध्ये तबक, तबकात स्वच्छ रुमाल. नाना इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, शकीलाबाई शेजारी.

“बसा पाव्हनं,” नाना म्हणाले. “मुलगा कुठंय?”

लिमये गोंधळले. “मी एकटाच आलोय, सर.”

“अवो, कार्ड! हितं ठेवा, रुमालावर. उन्हातानाचं आलंय.”

लिमयांनी कार्ड तबकात ठेवले. नाना भिंग घेऊन वाकले. “रंग सावळा हाय. चालंल. आता इचारतो ते खरं सांगायचं. नगरचा उन्हाळा ठाऊक हाय का? पत्र्याच्या कपाटात दारं लावून, शेजारी ड्रायर. तिथं ह्यो टिकंल का माहेरी पळंल?”

“सर, हे औद्योगिक दर्जाचं आहे. साधी कार्डं जिथे मान टाकतात तिथे हे—”

“साध्यांचं नका सांगू, त्यातला एक आमच्याकडं येऊन गेलाय.”

“सोनेरी अक्षरांचा,” शकीलाबाई पोहे वाढत म्हणाल्या.

“ताई दिसभर बोलती,” नाना पुढे म्हणाले, “तापमान, दाब, किती पोती झाली. ह्यानं समदं लिहून घ्यायचं. कितींदा लिहून-पुसून झाल्यावर ह्यो कंटाळंल?”

लिमयांनी माहितीपत्रक उघडले. आता त्यांनाही लय सापडू लागली होती. “सर, स्वभावाने सोशिक आहे. जागा कमी आहे, पण लिहिण्याची ताकद साध्या कार्डाच्या अनेक पट. घाम येत नाही.”

“अन् अर्ध्या वाक्यात लाईट गेली तर? आमच्याकडं लई जाती.”

“वाक्य पुरं करून मगच झोपतो.”

नाना खूश होऊन माझ्याकडे वळले. “वडीलधाऱ्यांनी काही इचारायचंय?”

मी विचारले की याच्या घराण्याचे प्रमाणपत्र आहे काय, म्हणजे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीने हे कार्ड आमच्या नेमक्या मॉडेलसाठी मान्य केल्याचे लेखी आहे काय. होते. मी पाहिले. मग नानांनी शेवटचा प्रश्न विचारला, आणि वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

“ह्याला भाऊ हाय का?”

“म्हणजे, सर?”

“अगदी ह्याच्यासारखा दुसरा. उद्या ह्याला काय झालं तर त्याच घरचा पायजे. एकटा असंल तर नगं.”

भाऊ होता. दोघेही घेतले. त्यानंतर नानांच्या पद्धतीने ‘सासुरवास’ झाला: बॉयलरच्या भिंतीला लागून असलेल्या चाचणीच्या कंट्रोलरमध्ये थोरल्याला आठवडाभर बसवायचे आणि मनाला येईल तेव्हा वीज बंद करायची. “जेवताना उठवा, झोपंतनं उठवा, चिडतो का बघा,” अशी पाळीप्रमुखांना आज्ञा होती. चिडला नाही. तेव्हा एका शुक्रवारी पॅनलच्या दाराला आंब्याचे तोरण बांधून थोरल्याला ताईत बसवण्यात आले. धाकटा शकीलाबाईंच्या भांडारात स्टीलच्या डब्यात गेला. जिलबी वाटली गेली. आणि त्या समारंभाला महाव्यवस्थापक उपस्थित होते.

न्यायाची चाड असल्याने पुढचा संवादही नोंदवतो. जिलबी खाता खाता महाव्यवस्थापकांनी विचारले, “नाना, हे दिसतं तर कॅमेऱ्याच्या कार्डासारखंच. कॅमेऱ्यात चालेल का?”

यावर ‘नाही’ एवढे म्हणणे पुरेसे होते. पण समोर चाळीस-पन्नास माणसे जिलबी खात होती आणि नाना रंगात आले होते. “चालंल? साहेब, कॅमेऱ्याच्या बापजन्मात असं कार्ड त्याला मिळायचं न्हाई!”

महाव्यवस्थापकांनी ही स्तुती मनात जपून ठेवली.

त्या कार्यक्रमाची कीर्ती वसाहतीत पसरली. सुप्याकडच्या बिस्कीट कारखान्यातून बोलावणे आले, मग नागापूरच्या एका यंत्रशाळेतून. नाना पांढरा सदरा घालून जात, तबक सोबत नेत, भिंगातून पाहत, स्थळे नाकारीत. “साठवण इचारनारा येडा, सोसनं इचारनारा शहाना,” असे सांगून येत. निवृत्तीनंतर हेच करायचे, असे त्यांनी ठरवले होते. “वकीलसाहेब, मी जिल्ह्यातल्या समद्या कंट्रोलरचा मध्यस्थ होनार. पत्रिका तुमी तपासायच्या.” मी म्हणालो, मी विधी पदवीधर आहे, ज्योतिषी नाही. ते म्हणाले, “बरं, वकीलसाहेब.”

तुळशीचे लग्न झाले आणि माणसांच्या लग्नांना तोंड फुटले. महाव्यवस्थापकांच्या पुतण्याचे लग्न कारखान्याच्या पलीकडील लॉनवर होते. रविवार असल्याने भुकटी विभाग धुण्यासाठी बंद होता. वरात निघायच्या वेळी छायाचित्रकाराचे एक कार्ड बिघडले. दुकाने गाठायला वेळ नव्हता. तेव्हा महाव्यवस्थापकांना ती जिलबी आठवली. डोक्यावर गुलाबी फेटा, अंगात शेरवानी, अशा अवस्थेत ते कारखान्यात आले, स्वतःकडच्या किल्लीने पॅनल उघडले आणि ताईचा घरजावई खिशात घालून निघून गेले. शकीलाबाई साठा मोजण्यासाठी भांडारात आल्या होत्या. त्यांनी फेटा जाताना पाहिला. त्यांना वाटले, साहेब पूजेला आले असतील.

छायाचित्रकाराने कार्ड कॅमेऱ्यात घातले. कॅमेऱ्याने विचारले, पुसू का? त्याने सवयीने ‘हो’ दाबले.

सोमवारी पहाटे, कोणी येण्याआधी, महाव्यवस्थापकांनी छायाचित्रकाराकडून परत घेतलेले कार्ड जिथल्या तिथे खोचून ठेवले. प्रामाणिकपणे परत केले, असे त्यांना वाटले असावे.

सकाळी नाना आले, दार उघडून म्हणाले, “ताई, बरी हाईस ना?” आणि लाल दिवा पाहून तसेच उभे राहिले. फाटकावर टँकर लागत होते. चालक भोंगे वाजवत होते. नानांनी वीज बंद करून कार्ड काढले, लॅपटॉपला लावले आणि आत काय उरले आहे ते पाहण्यासाठी उघडले. पाळीप्रमुख, शकीलाबाई, मी, सारे पडद्याभोवती दाटीवाटीने उभे. कारखान्याचे काळीज तपासले जात होते.

पडद्यावर एक पांढरा घोडा आला.

मग घोड्यावरचा नवरदेव. मग बँड. मग गुलाबी फेट्यातले महाव्यवस्थापक, गुडघ्यांवर बसलेले, दातांत हातरुमालाचे टोक, दोन्ही हात डोक्यावर जोडून फणा काढलेला. आमचा कारखाना ज्या संयमी नेतृत्वाखाली चालतो ते नेतृत्व रस्त्याच्या मधोमध नागीण झाले होते.

कोणी हसले नाही. हसू आवरण्याच्या प्रयत्नात पाळीप्रमुखांना उचकी लागली. शकीलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि “या अल्ला” एवढेच म्हणाल्या. आणि नेमक्या त्याच क्षणी मागून आवाज आला, “काय झालं? विभाग का बंद आहे?”

महाव्यवस्थापक दारात उभे होते. पडद्यावरही होते.

नाना सावकाश वळले. “साहेब, ताईचा जावई काल तुमच्या वरातीत नाचून आला, अन् सोताचं नाव इसरून आला.”

“नाना, ते… रिकामंच दिसत होतं हो.”

“रिकामं कुठलं, साहेब? अख्खा कारखाना हुता त्यात.”

मग खोलीत जे हसू फुटले ते फाटकापर्यंत ऐकू गेले असावे, कारण टँकरचे भोंगे थांबले. सर्वांत मोठ्याने नाना हसत होते. महाव्यवस्थापकही हसले; ते हसू मी कबुलीजबाबावरची त्यांची सही समजतो आणि ती विसरलेलो नाही.

त्यानंतर नाना ओरडले, “शकीलाबाई, धाकटा आना!” स्टीलचा डबा आला. नानांनी आपल्याजवळची प्रोग्रॅमची प्रत धाकट्यावर उतरवली, त्याला ताईत बसवले आणि वीज दिली. लाल, पिवळा, हिरवा. भाऊ आहे का, हा प्रश्न त्या दिवशी दुपारपर्यंत कारखाना चालू करून गेला. पहिली भुकटी खाली आली आणि नानांनी लेझीम धरली. सोबत पाळीप्रमुख, फाटकावरून आत आलेला एक टँकरचालक आणि, मला खोटे लिहिता येत नाही म्हणून लिहितो, मीसुद्धा दोन पावले.

थोरला मात्र बाद झाला होता. घराण्याची जी गुप्त खूण कार्डावर असते तीच कॅमेऱ्याने पुसली होती; आता त्याला ताई ओळखणार नव्हती. पण त्याच्यावरची छायाचित्रे? दुपारी छायाचित्रकार धापा टाकत आला. कार्ड पहाटेच परत गेल्याने त्याने ती कुठेच उतरवली नव्हती. वरात, अक्षता, सप्तपदी, सगळे लग्न त्या एका कार्डावर होते.

मी नानांना बाजूला घेतले. “याची एक प्रत माझ्याकडे द्या. हा पुरावा आहे.”

“पुरावा कसला, वकीलसाहेब? हे लग्न हाय. लोकांच्या लेकीबाळी हायत त्यात. चारचौघांत फिरवायचं न्हाई.” आणि पेनड्राइव्हवर उतरवून ते स्वतः त्याच संध्याकाळी नवरदेवाच्या आईला देऊन आले. आपल्याजवळ एकही चित्र ठेवले नाही. नागीणसुद्धा नाही. येताना बुंदीचे लाडू घेऊन आले आणि सगळ्यांना वाटले.

एवढे झाल्यावर काय व्हायला हवे होते, हे कोणत्याही शालेय मुलास सांगता येईल. परंतु वरिष्ठ कार्यालयाकडून विचारणा आली की विभाग का बंद पडला, आणि शुक्रवारी फलकावर सूचना लागली: ‘निकृष्ट दर्जाच्या मेमरी कार्डाची निवड झाल्याने उत्पादनात खंड पडला. संबंधितांना समज देण्यात येत आहे.’ खाली सही.

मी तडक नानांकडे गेलो. ते फलकासमोर उभे होते. कंगवा हातात, पण मिशा विंचरायचे थांबले होते.

“मला समज दिली, हरकत न्हाई,” ते म्हणाले. “माझ्याकडं नव्हतीच, बरं झालं. पन ह्यो शब्द…” त्यांनी ‘निकृष्ट’वर बोट ठेवले. “वकीलसाहेब, आठवडाभर सासुरवास काढलेला पोरगा हाय त्यो. एकदाबी चिडला न्हाई.”

‘वकीलसाहेब’ या शब्दाला मी पहिल्यांदाच दुरुस्ती सुचवली नाही.

तो शब्द फलकापुरता राहिला नाही; वसाहतीत फिरला. सुप्याच्या बिस्कीट कारखान्यातून फोन आला: “नाना, आमचा कार्यक्रम जरा लांबणीवर टाकू.” नागापूरकरांनी फोनही केला नाही. निवृत्तीनंतरची सगळी मध्यस्थी त्या एका विशेषणाने मोडली. मी महाव्यवस्थापकांना लेखी निवेदन दिले, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचे स्मरणपत्र. शकीलाबाईंनी तोंडी विचारले तेव्हा त्यांना उत्तर मिळाले, “जाऊ द्या हो, निवृत्तच होताहेत.” नानांनी मात्र कोणापुढे वरातीचा उल्लेख केला नाही. कोणी छेडलेच तर म्हणत, “लग्नाघरची गोष्ट हाय, सोडा.” निरोपसमारंभात महाव्यवस्थापकांनी त्यांना शाल दिली. सूचनाफलक त्यांच्या मागेच होता, त्यामुळे सर्व छायाचित्रांत शाल, नाना आणि ‘निकृष्ट’ एकत्र आले आहेत.

दुसऱ्या दिवशी ते पाथर्डीला निघाले. मी आणि शकीलाबाई माळीवाड्याच्या स्टँडवर पोहोचवायला गेलो. नानांनी सदऱ्याच्या खिशातून कुंकवाचा छोटा करंडा काढून उघडून दाखवला. आत कापसावर थोरला झोपला होता.

“ह्याला घरी नेतो,” ते म्हणाले. “ताईनं न्हाई वळखलं तर काय झालं, आमी वळखतो.”

“नाना, आता तिकडे काय करणार?” शकीलाबाईंनी विचारले.

“बघू की. गावात पानीपुरवठ्याला नवा कंट्रोलर बसतोय म्हनं. बिचारीला कोन बघून दिलंय कुनास ठाऊक!” आणि हसले, पण भोंगा अर्ध्यावरच थांबला.

बस हलली. तरी ते दारातच उभे, एका हाताने दांडा धरून, वाकून माझ्याकडे पाहत. “वकीलसाहेब! बाकी काय नगं! त्यो एक शब्द तेवढा काढा!”

“ओ आजोबा, आत व्हा की!” कंडक्टर खेकसला. “डबल बेल देऊ का नको?”

“दे की! जोरात दे!”

घंटी दोनदा वाजली, आणि त्या तालावर, चालत्या बसच्या पायरीवर, त्रिंबक दहिफळे यांनी एक पाऊल पुढे टाकले, एक मागे घेतले, कंबर डावीकडे लववली, उजवीकडे लववली. कंडक्टरने त्यांना सदऱ्याला धरून आत ओढले. वळणावर बस दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून करंड्यासह एक हात हलत होता.

सबब, मी पुढीलप्रमाणे मागणी करतो. महाव्यवस्थापकांनी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: ते कार्ड निकृष्ट होते काय? उत्तर लेखी नको. लेखी उत्तरे फायलीत झोपतात. ते सूचनाफलकापाशी, पाळी बदलण्याच्या वेळी, येणारे आणि जाणारे दोन्ही समोर असताना, मोठ्या आवाजात द्यावे. उत्तर ‘नाही’ असेल तर तो शब्द तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने खोडावा. सुप्याच्या आणि नागापूरच्या मंडळींना मी साक्षीदार म्हणून बोलावीन. पाथर्डीहून नानांना आणण्याचा बसखर्च माझा.

आणि येताना गुलाबी फेटा बांधून यावे. सर्वांना ओळख पटेल.